खिडकीवरचा एकटा कारकून
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



"तू कॉम्प्युटरमध्ये नक्की करतेस काय?" असं सकाळपासून चार जणांनी विचारलं, म्हणून सगळ्यांना एकदमच सांगते.

प्रोग्रॅम मधेच गोठतो, पडदा पांढुरका होतो, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' अशी अक्षरं येतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. पडद्यावरची बटणं, रकाने सांभाळणारा थ्रेड, म्हणजे धागा, एकच असतो. पतपेढीच्या खिडकीवरचा एकटा कारकून समजा. तोच जुनी फाईल शोधायला आत गेला की रांग ठप्प. विंडोज 5 सेकंद वाट बघतं आणि मग ती पाटी लावतं.

म्हणून शोधाशोध मागच्या धाग्याला द्यायची. पण काम झाल्यावर त्याने खिडकीवर येऊन वहीत स्वतः लिहायचं नाही. चिठ्ठी कारकुनाच्या ट्रेमध्ये टाकायची, कारकून ती पाळीने उचलतो. जावाच्या स्विंगमध्ये याला इनव्होकलेटर म्हणतात, डॉटनेटमध्ये बिगिनइनव्होक. नुसतं 'इनव्होक'ही आहे, पण त्यात चिठ्ठी देणारा काम होईपर्यंत तिथेच उभा राहतो. नेमका कारकूनही त्याचीच वाट बघत असला, तर दोघेही जन्मभर उभे!

इथवर पुस्तकात मिळतं. पुढचं एका पॅथॉलॉजी लॅबच्या प्रोग्रॅमने शिकवलं. लॅबचं नाव नको. तिथल्या टेक्निशियन बाईंनी एका पेशंटचं पान उघडलं, रिपोर्टला वेळ लागला म्हणून दुसऱ्याचं उघडलं, आणि पहिल्याची साखर दुसऱ्याच्या नावाखाली दिसली. चिठ्ठी नियमाप्रमाणे ट्रेमधूनच आली होती. मधल्या वेळात खिडकीसमोरचा माणूस बदलला होता, आणि चिठ्ठीवर नाव नव्हतं. बाईंना आकडा खटकला, त्यांनी छापण्याआधी नळीवरचा नंबर ताडून पाहिला, म्हणून निभावलं. नाहीतर भलत्याच माणसाला इन्सुलिन लागलं असतं.

आमच्या ऑफिसात मात्र ही चूक घडेचना, कारण आमची मशीन वेगवान. तीन आठवडे विरार लोकलमध्ये उभ्याउभ्या तोच विचार (बसायला मिळतंय कुठे!). शेवटी मी उत्तर मुद्दाम 20 सेकंद रोखून धरलं, तेव्हा ती सापडली. आता प्रत्येक चिठ्ठीवर पेशंटचा नंबर असतो. समोर दुसऱ्याचं पान असेल किंवा पान बंद केलेलं असेल, तर उत्तर पडद्यावर न येता ज्याच्या-त्याच्या नोंदीत जातं. दुरुस्ती जेमतेम बारा ओळींची.

आपल्यातल्या काहींच्या लॅब आहेत, मेडिकल आहेत. पडदा अडला तर माऊस बडवू नका. तुमच्या क्लिकही त्याच ट्रेमध्ये साठतात. 'प्रिंट' दहादा दाबलंत, तर कारकून परतल्यावर दहा प्रती हातात पडतील!