वहिवाट कुणाची धरली?

(अभ्यास शिबिरात दुसऱ्या दिवशी रात्री केलेल्या भाषणाचा मजकूर)

बाया-भावांनो,

काल प्लॉटच्या चौकशीवर बोलणं चाललं होतं तेव्हा एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "पिढ्यान्‌पिढ्या आम्हीच कसतो, मग आम्हाला अतिक्रमणवाले का म्हणतात?" त्याचं उत्तर शोधायला आम्ही आज लांबच्या मुलखाची गोष्ट सांगणार आहोत. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची. आम्ही काही तिकडे गेलेलो नाही, वाचून सांगतो.

तिथेही आदिवासी होते. गोरे लोक त्यांना इंडियन म्हणत. आपण कडूकंद वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडूपणा घालवतो ना, तसे ते ओक झाडाची फळं कुटून, पाण्याने धुऊन त्याची पेज करत. नदीत मासे, रानात हरणं. त्यावर त्यांचं चाललं होतं.

२४ जानेवारी १८४८ ला निसेनान आदिवासींच्या मुलखात, कोलोमा इथे सोनं सापडलं. सटर नावाच्या जमीनदाराची लाकूड कापायची गिरणी तिथे बांधत होते. तिच्या पाटात मार्शल नावाच्या सुताराला सोन्याचे कण दिसले. जमीन कुणाची हे सटरला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने तिथल्या आदिवासींशी भाड्याचा करार केला आणि मंजुरीला गव्हर्नर मेसनकडे पाठवला. मेसनने तो नामंजूर केला. का? तर इंडियनांना जमीन विकायचा किंवा भाड्याने द्यायचा हक्क आहे, हेच सरकार मानत नाही. सोन्याचा गवगवा व्हायच्या आधीच जमीन अशी कागदावरून गेली.

पहिल्या उन्हाळ्यात सोनं काढलं कुणी? मेसनच्याच अहवालात आहे: चार हजारांवर माणसं कामाला, त्यात निम्म्याहून जास्त आदिवासी. व्यापारी त्यांना सोन्याच्या बदल्यात मणी, कापड देत. आदिवासीचं सोनं तोलायला काही दुकानदार वेगळं, जास्त जड वजन ठेवत. आपल्या बाया मोहफुलं घेऊन बाजारात जातात, त्यांना हा काटा समजावून सांगायला नको. आणि खरा पैसा खोदणाऱ्याला मिळालाच नाही. सॅम ब्रॅनन नावाच्या दुकानदाराने आधी दुकानात माल भरला, मग सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यात सोन्याची बाटली नाचवत ओरडत फिरला. घमेली-कुदळी त्याच्याच दुकानात! तो गबर झाला.

१८४९ पासून लोंढे आले. पाच-सहा वर्षांत तीन लाखांच्या आसपास माणसं. आता नीट ऐका. या लोकांजवळ पट्टा नव्हता, सातबारा नव्हता. जमीन सरकारी म्हणत होते, आणि हे येऊन खुंट्या ठोकून बसले. आपल्या भाषेत, नाही नाही, फॉरेस्टवाल्यांच्या भाषेत हे अतिक्रमणच. त्यांनी सभा घेतल्या, नियम ठरवले: एकाला एवढीच जागा, काम थांबवलं तर हक्क गेला. कायद्याने काय केलं? १८५१ मध्ये राज्याने सांगितलं, खाणवाल्यांचा रिवाज कोर्टात पुरावा धरा. १८६६ मध्ये केंद्र सरकारनेही तो मानला. दोन-तीन वर्षांची वहिवाट, तिचा कायदा झाला.

आणि आदिवासींची शेकडो वर्षांची? तिच्यासाठी १८५० चा वेगळा कायदा. त्याचं नाव होतं इंडियनांचं शासन आणि संरक्षण! त्यात लिहिलं, इंडियनाच्या साक्षीवर कुठल्याही गोऱ्याला दोषी धरायचं नाही. १८५४ मध्ये कोर्टाने तोच नियम चिनी लोकांनाही लावला. रिकामा फिरताना दिसलेल्या इंडियनाला पकडून लिलाव करायचा, जास्त बोलीवाल्याकडे चार महिन्यांपर्यंत काम. पोरंही कायद्याने राबायला ठेवता येत. आपल्याकडच्या सालदाराला निदान साल ठरवताना विचारतात, इथे तेही नाही.

१८५१ मध्ये आणखी एक कायदा आला: जुन्या जमिनीचा दावा दोन वर्षांत कमिशनपुढे मांडा, नाहीतर जमीन सरकारजमा. डोंगरातल्या माणसाला हे सांगितलं कुणी? त्याच सुमारास सरकारच्या माणसांनी आदिवासींशी अठरा करार केले, राखीव जमिनी देतो म्हणाले. १८५२ मध्ये अमेरिकेच्या सिनेटने ते सगळे नाकारले आणि कागद गुप्त ठेवले. ते उघडले १९०५ साली. तोवर नद्या गाळाने भरल्या होत्या, मासे गेले होते. भुकेने कुणी गोऱ्याचं जनावर मारलं की बंदूकवाल्या टोळ्या वाड्या जाळत, आणि त्याचा खर्च राज्य सरकार देई. १८४८ ला दीड लाखाच्या आसपास असलेले आदिवासी १८७० पर्यंत तीस हजारांच्या आसपास उरले.

तर बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. वहिवाट दोघांचीही होती. साक्ष कुणाची लिहून घ्यायची, हे ज्याच्या हातात, त्याची वहिवाट हक्क झाली. दुसऱ्याची गुन्हा झाली. आपल्याकडेही इंग्रजांनी १८७८ चा जंगल कायदा असाच केला: मुदतीत दावा सांगा, नाहीतर हक्क संपला. आपले पणजे तेव्हा जंगलात होते, दवंडी तालुक्याला होती.

पण एक फरक आहे. आपण अजून आहोत, आणि जथ्याने आहोत. म्हणून चौकशीच्या आधी एवढं करायचंच:

गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसांना पुढे बसवा. त्यांची साक्ष लिहून घेतल्याशिवाय आणि वाचून दाखवल्याशिवाय कुणी अंगठा द्यायचा नाही.

शेतातले जुने बांध, विहीर, लावलेली झाडं, देवाचं ठाणं, सगळं पंचांसमोर लिहून काढा.

फॉरेस्टवाल्यांनी केलेल्या दंडाच्या पावत्या फाडू नका, चुलीत घालू नका. त्या वर्षी तुम्ही त्या जमिनीवर होतात, हे त्यांनीच त्यांच्या सहीने लिहून दिलंय.

कॅलिफोर्नियाच्या आदिवासींचं बोलणं कुणी लिहून घेतलं नाही. आपलं आपण लिहून घेऊ.

जिंदाबाद!