काळ्या याद्यांवर किती विसंबावें?

गणेशचतुर्थीच्या कितीतरी महिने आधींच पेणच्या मूर्ति परदेशीं जाण्यासाठीं पेटाऱ्यांत भरल्या जातात. दरपत्रकें, मापें, बंदराचे कागद, सारें आतां ईमेलनें जातें. तें पोहोंचलें नाहीं, तर सबंध हंगामाचा व्यवहार अडतो.

आतां दाराच्या आंतल्या बाजूस पाहूं. रोह्याजवळ धाटाव येथें रासायनिक कारखाने आहेत. अशा कारखान्याच्या टपालव्यवस्थापकाला दिवसरात्र लोटणारा स्पॅमचा लोंढा थोपवावा लागतो, आणि त्या कामीं त्याला सार्वजनिक काळ्या याद्यांचा आधार वाटतो. पॉल विक्सी यांनीं १९९७ च्या सुमारास अमेरिकेंत अशी यादी चालू केली. स्पॅमहाउस १९९८ सालीं निघाली. रीत सोपी आहे. पत्र आणणाऱ्या सर्व्हरचा क्रमांक १९२.०.२.५ असेल, तर तो उलटा करून, ५.२.०.१९२ असा, यादीच्या नांवाआधीं जोडावयाचा व इंटरनेटच्या नामसूचीस विचारावयाचें. १२७.०.०.२ सारखें उत्तर आलें, तर क्रमांक यादींत आहे.

परंतु क्रमांक यंत्राचा असतो, माणसाचा नव्हे. लहान कारखानदाराचें टपाल बहुधा भाड्याच्या सर्व्हरवरून, इतर शेंकडों गिऱ्हाइकांच्या सोबतीनें निघतें. एका बिऱ्हाडकरूनें उधारी बुडविली म्हणून वाण्यानें साऱ्या चाळीचा माल बंद करावा, तसेंच हें.

याहून मोठा धोका यादीच्या मरणांत आहे. ओआरडीबी ही यादी डिसेंबर २००६ मध्यें बंद झाली, तरी हजारों सर्व्हर तिला विचारीतच राहिले. अखेर मार्च २००८ मध्यें ती प्रत्येक प्रश्नाला ‘होय’ म्हणूं लागली. आणि ज्यांनीं तिचें नांव काढलें नव्हतें, त्यांच्या दारांतून सज्जनांचींही पत्रें परत गेलीं. सॉर्ब्स २०२४ सालीं मिटली. स्पॅमहाउसला सार्वजनिक नामसेवकांमार्फत विचारलें, तर ‘१२७.२५५’ नें आरंभ होणारें चुकीचें सूचक उत्तर येतें. कोणतेंही उत्तर म्हणजे दोष, असें समजणारा सर्व्हर तेवढ्यानें सर्वांनाच नाकारतो. दोष यादीचा नव्हे, वाचणाऱ्याचा!

म्हणून यादीचें मत गुणांत धरावें. स्पॅमअसॅसिन हेंच करतो: एका यादीस थोडे गुण, मजकुरास थोडे, आणि बेरीज ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली तरच पत्र संशयित. नेहमींच्या व्यापाऱ्यांचीं नांवें वेगळीं नोंदवावींत. नाकारावयाचेंच झालें, तर पत्र दारांतच कारणासह परत करावें. गुपचूप गिळूं नये. कारण कळल्यास पेणचा कारखानदार आपल्या सर्व्हरवाल्यास विचारूं शकतो, अथवा दूरध्वनि तरी करतो.

यादी जिवंत व शहाणी आहे कीं नाहीं, हें तपासण्याचा संकेत २०१० सालीं लिहिला गेला: १२७.०.०.२ यादींत असलाच पाहिजे, १२७.०.०.१ कधींही नसावा. हे दोन प्रश्न यंत्रानेंच रोज विचारावेत, व उत्तर चुकतांच ती यादी आपोआप गळावी.