भुंगेऱ्याच्या अंगावरचे फुकटे प्रवासी

लोकलमध्ये उभ्याने ऐकत असाल, भांडी घासता घासता ऐकत असाल किंवा झोप येत नाही म्हणून ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा इथे लिहून देतोय.

आज जायचंय अमेरिकेच्या दक्षिण भागात. टेक्सस, लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा. तिथे मैलोन्मैल पाइनची जंगलं आहेत. आपल्या हिमालयातल्या चिडाची ही लांबची भावंडं. या झाडांवर अनेकांचं पोट चालतं, कारण घराच्या वाशांपासून कागदापर्यंत सगळं त्यातूनच येतं. आणि या जंगलांचा एक जुना वैरी आहे, सदर्न पाइन बीटल नावाचा भुंगेरा. शास्त्रीय नाव डेंड्रोक्टोनस फ्रंटॅलिस. त्यातल्या डेंड्रोक्टोनसचा अर्थच मुळी ‘झाडांचा मारेकरी’. आणि मारेकऱ्याची लांबी किती? २ ते ४ मिलिमीटर. तांदळाची कणी समजा.

एवढासा जीव एवढं मोठं झाड पाडतो कसा? तर एकट्याने नाही. आधी एक मादी साल पोखरून आत शिरते. झाड गप्प बसत नाही, ते चिकट राळ सोडतं आणि तिला बाहेर ढकलायला बघतं. मग ती एक गंध सोडते. तो गंध म्हणजे आजूबाजूच्या भुंगेऱ्यांना आमंत्रण. बघता बघता हजारो येतात, झाडाची राळ पुरी पडत नाही आणि झाड हरतं. हिरवी पानं पिवळी पडतात, मग लालसर. आपल्याला लाल झाड दिसतं तोवर भुंगेरे बरेचदा शेजारच्या झाडावर गेलेले असतात.

आता खरी गंमत सालीच्या आत आहे. मादी आत नागमोडी बोगदे पोखरते आणि कडेकडेने अंडी घालते. पण अळ्यांना नुसत्या सालीवर नीट पोसता येत नाही. त्यात नायट्रोजन फार कमी. म्हणून आई सोबत विरजण घेऊन येते! अक्षरशः. तिच्या डोक्यामागे कातडीची एक छोटी पिशवी असते, त्यात ती एक खास बुरशी सांभाळून आणते आणि बोगद्यात लावते. बुरशी वाढते, अळ्या ती खातात आणि गुटगुटीत होतात.

पण विरजण नासूही शकतं, हे आपल्याला माहीतच आहे. इथे नासवणारी बुरशी वेगळी आहे, ऑफिओस्टोमा मायनस. ती वाढली की लाकूड निळसर-काळं पडतं, म्हणून तिला आपण सरळ निळी बुरशी म्हणू. बऱ्याच काळापर्यंत शास्त्रज्ञांचा समज होता की ही निळी बुरशी भुंगेऱ्याची साथीदार आहे, झाडाच्या पाण्याच्या वाटा बंद करून ती त्याला मदत करते. ऐकायला पटतंही. मेलेल्या झाडात भुंगेरा आणि निळा डाग दोन्ही सापडायचे ना!

१९७० साली बॅरास नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं की निळी बुरशी पसरलेल्या भागात भुंगेऱ्याची पिल्लावळ नीट वाढतच नाही. पुढे असंही दिसलं की ही बुरशी नसतानाही भुंगेरा झाड मारू शकतो. म्हणजे जिला साथीदार समजत होतो, ती त्याच्याच पोरांच्या ताटातलं अन्न खराब करत होती.

मग ही निळी बुरशी नव्या झाडात पोचते कशी? थोडी भुंगेऱ्याच्या अंगाला चिकटून जाते. पण तिची खरी वाहतूक करतात आपल्या आजच्या भागाचे नायक, माइट.

माइट म्हणजे कीटक नव्हे, कोळ्यांच्या नात्यातले आठ पायांचे बारके जीव. भेंडी-वांग्यावर लाल कोळी पडतो असं शेतकरी म्हणतात, तो माइटच. १९७१ साली मोझर आणि रोटन यांनी लुइझियानातल्या अॅलन पॅरिश या एका भागातल्या माइटची यादी छापली. पाइनच्या सालीतल्या भुंगेऱ्यांसोबत किती जाती सापडल्या असतील? ९६!

त्यातले काही भुंगेऱ्याची अंडी आणि अळ्या फस्त करतात. पण टार्सोनेमस गटातले माइट वेगळे. त्यांना पंख नाहीत आणि पुढचं झाड त्यांच्या मापाने दुसऱ्या जिल्ह्यात. मग काय, भुंगेऱ्याला लटकायचं आणि विनातिकीट जायचं. ते त्याला चावत नाहीत, त्याचं रक्त पीत नाहीत. नुसते प्रवासी. या माइटच्या अंगावर कातडीच्या घड्यांचे दोन खिसे असतात आणि त्या खिशांत असतात निळ्या बुरशीचे बीजाणू. का? कारण ते स्वतः हीच बुरशी खाऊन वाढतात. भुंगेरा आपल्या मुलांचा डबा घेऊन निघालाय आणि त्याच्या अंगाला लटकलेला प्रवासी स्वतःचा डबा घेऊन!

नव्या झाडात उतरल्यावर माइट आपली बुरशी पेरतात. बुरशी जास्त, तर माइट जास्त. माइट जास्त, तर पुढच्या खेपेला बुरशी आणखी जास्त. आणि निळा डाग जितका पसरेल, तितकी भुंगेऱ्याच्या अळ्यांची उपासमार. लोम्बार्डेरो, हॉफस्टेटर, आयर्स, क्लेपझिग या मंडळींनी २००० नंतरच्या दशकात हे प्रयोगांनी मांडलं. माइट भुंगेऱ्याला थेट काही करत नाहीत, पण बुरशीच्या वाटेने त्याची पुढची पिढी घटवतात.

भुंगेरा तरी गप्प बसेल का? २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं की या भुंगेऱ्यांसोबत एक जिवाणू राहतो आणि तो एक प्रतिजैविक तयार करतो. हे औषध निळ्या बुरशीला जोरात दाबतं आणि अळ्यांच्या बुरशीला त्यामानाने कमी त्रास देतं. म्हणजे विरजणाच्या भांड्याला राखणदारही आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग सोपं आहे, पोतंभर माइट जंगलात सोडा आणि मोकळे व्हा. तिथेच गाडी अडते. भुंगेरा, माइट आणि बुरशा, प्रत्येकाचा वाढीचा वेग तापमानाप्रमाणे वेगवेगळा बदलतो. एका ऋतूत माइट पुढे, दुसऱ्यात भुंगेरा पुढे. त्यात भुंगेऱ्याच्या पिशवीतल्या बुरशाही दोन प्रकारच्या. एकीवर माइटही छान पोसतात, दुसरीवर त्यांचं फारसं काही भागत नाही. म्हणजे आईने कुठलं विरजण आणलंय, यावरही प्रवाशांचं नशीब ठरतं.

आणि तापमान तर बदलतंय. कडाक्याची थंडी या भुंगेऱ्याला मारते, म्हणून तो दक्षिणेत राहायचा. हिवाळे सौम्य झाले तसा तो न्यू जर्सीच्या पाइनमध्ये मुसंडी मारून गेला आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर सापडला. तिथे वनखात्याच्या हातात उपाय तेच जुने. दाट झाडी विरळ करा, लागण झालेली झाडं वेळेत तोडा. मारेकऱ्याला अडवायचं तर त्याच्यासोबत कोण कोण आलंय आणि इथल्या हवेत कुणाचं फावणार आहे, तेही बघावं लागतं.

हा हिशोब आपल्या शेतातही आहे. सरसकट जहाल कीटकनाशक मारलं की लाल कोळ्याला खाणारे मित्रकीटकही मरतात आणि मग लाल कोळी पहिल्यापेक्षा जोमाने येतो. कीड दिसते, पण तिला आवर घालणारे सहसा भिंगाशिवाय दिसत नाहीत. म्हणून फवारणीच्या आधी पान उलटं करून भिंगाने बघा, असं सांगतात ते उगाच नाही.

तर मंडळी, घरी कुणी शेती करत असेल तर हा भाग त्यांना नक्की पाठवा. त्यांच्या शेतातले असे ‘फुकटे प्रवासी’ कोणते, ते विचारा आणि मला कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर काळजी घ्या!