झेवियर वॉट्सचं जास्तीचं एक वर्ष

अमेरिकन फुटबॉलमध्ये सेफ्टी म्हणजे सगळ्यात मागे उभा राहणारा डिफेंडर. तो चुकला की बहुतेक वेळा टचडाउनच. आमच्या कोडला निदान रोलबॅक तरी असतो!

नोटर डेम युनिव्हर्सिटीच्या झेवियर वॉट्सने 2023 मध्ये समोरच्यांचे 7 पास हवेतच पळवले आणि देशातल्या बेस्ट डिफेंडरची नागुर्स्की ट्रॉफी घेतली. एनएफएलला जाता आलं असतं. पण गडी शेवटच्या वर्षासाठी कॉलेजातच थांबला. गुडघा गेला असता तर?

नाही गेला. 2024 मध्ये आणखी 6 पास पळवले. त्यातला एक यूएससीविरुद्ध पकडून थेट 100 यार्ड धावला! फायनल मात्र ओहायो स्टेटकडून 34-23 हरले. ड्राफ्टमध्ये तिसऱ्या राउंडला, 96 व्या नंबरवर, अटलांटा फाल्कन्सने घेतला.

वर्ष वाया गेलं? मला नाही वाटत. ते 100 यार्ड बघा, मग बोलू.