संगणकाचा वेग आणि घरची वीज

नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत मे महिन्याच्या दुपारीं रस्ते ओस पडतात आणि घरोघरीं कूलरचे पंखे घरघरूं लागतात. अशा वेळीं एखाद्या घरांतील महाविद्यालयीन मुलगा दार लावून संगणकापुढें बसलेला असतो. त्याच्या यंत्रांत एक नव्हे, दोन ग्राफिक्स कार्डें असतात. आणि तीं कारखान्यानें ठरवून दिलेल्या वेगापेक्षां अधिक वेगानें चालविण्याचा त्याचा खटाटोप चालू असतो. बाहेर बसलेल्या वडिलांना एवढेंच कळतें कीं, आंतल्या खोलींतून भट्टीसारखी झळ येते आणि विजेचें बिल भलतेंच वाढलें आहे. लातुरांत तर मुलगा संगणकापुढें दिसला कीं घरच्यांना प्रथम ‘नीट’ परीक्षेचीच आठवण होते. तरीपण हें सर्वस्वीं खूळ नव्हे. ती एक विद्या आहे. मात्र मुलाला तिचा जो अर्धा भाग ठाऊक असतो, तो थंड देशांतील खोल्यांत बसून लिहिलेला असतो. उरलेला अर्धा भाग भिंतींतल्या तारेंत, अंगणांतल्या अर्थिंगच्या खड्ड्यांत आणि गल्लीच्या टोकाशीं उभ्या असलेल्या डी.पी.त दडलेला आहे.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकांतील चित्रें रंगविणारा एक स्वतंत्र कारखाना होय. पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरविण्याचें काम त्यांत हजारों लहान लहान गणक एकाच वेळीं करीत असतात. लेझीम खेळणाऱ्या मुलांना जशी हलगी, तसें या गणकांना एक विद्युत् घड्याळ ताल देत असतें. आजच्या कार्डांत हे ठोके सेकंदाला दोनशें कोटींहूनही अधिक पडतात. ‘ओव्हरक्लॉकिंग’ म्हणजे या हलगीची लय वाढविणें. लय वाढली कीं खेळणाऱ्याला धाप लागते, पाऊल चुकतें, पडद्यावर भलतेच रंग उमटतात, किंवा यंत्र एकदम बंद पडतें. पाऊल चुकूं नये म्हणून मग चिपला मिळणारा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, थोडें वाढवावें लागतें. आणि खरी मेख येथेंच आहे. चिपमधील ठोक्यांपायीं खर्च होणारी वीज वेगाच्या पटींत वाढते, पण दाबाच्या वर्गाच्या पटींत वाढते. वेग ५ टक्के आणि दाबही ५ टक्के वाढविला, तर विजेचा खर्च सुमारें १६ टक्क्यांनीं वाढतो. दोन्ही १० टक्क्यांनीं वाढविले, तर तो ३३ टक्क्यांनीं वाढतो. खेळांतील चित्रांची गति मात्र फार तर त्या ५ किंवा १० टक्क्यांनींच वाढते, आणि पुष्कळदां तेवढीही नाहीं. व्यापाऱ्याच्या पोराला हा सौदा तोट्याचा आहे हें सांगावें लागूं नये.

एका यंत्रांत दोन कार्डें जोडण्याची कल्पना तशी जुनी आहे. १९९८ सालीं थ्रीडीएफएक्स या कंपनीनें ‘व्हूडू २’ हीं कार्डें जोडीनें चालविण्याची सोय केली. चित्राच्या एकाआड एक ओळी दोघांत वांटून दिल्या जात. पुढें २००४ मध्यें एनव्हिडियानें तेंच ‘एस.एल.आय.’ हें नांव घेऊन आपली पद्धत आणली, आणि २००५ मध्यें एटीआयची ‘क्रॉसफायर’ आली. पंधरा वर्षें हौशी मंडळींनीं या जोड्या मिरविल्या. परंतु खेळ तयार करणारांनीं दोन कार्डांसाठीं वेगळी मेहनत घेण्याचें हळूहळू सोडून दिलें. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियानें जुन्या कार्डांच्या जोडीसाठीं नव्या खेळांची तजवीज करणें थांबविलें. आणि २०२२ सालच्या ‘आर.टी.एक्स. ४०९०’ वर तर जोडपट्टी लावण्याची जागाच ठेवली नाहीं. म्हणजे आज जो मुलगा निव्वळ खेळासाठीं दुसरें कार्ड मागतो, त्याचें तें कार्ड बहुतेक वेळ पेटींत स्वस्थ बसून राहील.

खेळाबाहेर मात्र गोष्ट वेगळी आहे. चलच्चित्रांचें रेखाटन, कृत्रिम बुद्धीचे प्रयोग, शास्त्रीय गणितें, यांत काम तुकड्यांनीं वांटतां येतें आणि दोन कार्डें खरोखरच दोघांचें काम करतात. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेनें १९९१ मध्यें डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक उभारला, तो अनेक लहान गणकांना एकत्र जुंपूनच. त्याच संस्थेचा ‘परम सिद्धि’ २०२० च्या नोव्हेंबरांत जगांतील महासंगणकांच्या यादींत ६३ वा आला. त्याचें बळ अशाच प्रकारच्या गणकांच्या मोठ्या ताफ्यांत आहे. पण तेथें यंत्राबरोबर विजेची आणि थंडाव्याचीही योजना आधीं आंखलेली असते. विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी संस्थेंत शिकणारा मुलगा प्रकल्पासाठीं दोन कार्डें घेऊं म्हणाला, तर त्याला नाहीं म्हणूं नये. त्यानेंही तशीच योजना आधीं कागदावर मांडावी, एवढेंच म्हणावें.

ती अशी मांडतां येते. ‘आर.टी.एक्स. ३०९०’ या कार्डाची भूक ३५० वॅटची, दोहोंची ७००. मुख्य प्रोसेसर २०० आणि बाकीचें सामान १०० धरलें, तर बेरीज १००० वॅट झाली. पॉवर सप्लाय चांगल्या प्रतीचा असला तरी दहाएक टक्के वीज तो स्वतःच उष्णतेच्या रूपानें खातो, म्हणून भिंतींतून ११०० वॅट ओढले जातात. यावर आणखी एक गोष्ट आहे. हीं कार्डें एका लयींत वीज पीत नाहींत. सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती त्यांची ओढ ठरीव आंकड्याच्या पुष्कळ वर जाते. १००० वॅटचा हिशेब करून नेमका १००० वॅटचा सप्लाय आणणारा मुलगा मग खेळ रंगांत येतांच यंत्र कां विझतें म्हणून डोकें धरून बसतो. दोन मोठ्या कार्डांस १२०० ते १६०० वॅटचा, नांवाजलेल्या कंपनीचा सप्लाय लागतो. स्वस्त सप्लायच्या पेटीवर छापलेल्या आंकड्याचा भरंवसा धरणें म्हणजे बाजारांत तराजू न बघतां माल घेणें.

आंतील तारांचाही हिशेब आहे. मदरबोर्डाच्या खांचेंतून कार्डास ७५ वॅट मिळतात. आठ टांचण्यांच्या जोडणींतून १५० वॅट. ३५० वॅट १२ व्होल्टवर न्यावयाचे म्हणजे २९ अँपिअरहून अधिक प्रवाह झाला. एका खोलीच्या वातानुकूलकापेक्षां तो किती तरी जास्त आहे. म्हणून प्रत्येक जोडणीस सप्लायपासून स्वतंत्र केबल आणावी. एकाच केबलीच्या दोन शेंड्यांवर दोन जोडण्यांचा भार टाकूं नये. हार्ड डिस्कच्या बारीक जोडणीवरून कार्डास वीज पुरविणाऱ्या जोडपट्ट्या बाजारांत मिळतात; त्या जोडणीची शक्ति १२ व्होल्टवर ५४ वॅटचीच आहे, आणि तिचें प्लॅस्टिक वितळून यंत्रें जळालेलीं आहेत. ‘४०९०’ च्या नव्या जोडणीचीं टोंकेंही २०२२ मध्यें कित्येक ठिकाणीं वितळलीं. प्लग शेवटपर्यंत न बसणें हें त्याचें एक मोठें कारण निघालें. तो दाबून बसवावा आणि डोळ्यांनीं पाहावा.

आतां भिंतीकडे वळूं. ११०० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर जवळजवळ ५ अँपिअर. घरांतील लहान सॉकेट ६ अँपिअरचें असतें, आणि त्याच बोर्डावरून बहुधा कूलर, पडदा आणि मोबाइलचा चार्जर चालत असतो. एक्स्टेन्शन बोर्ड गरम लागूं लागला कीं समजावें, तार आपली मर्यादा सांगत आहे. अशा यंत्रास १६ अँपिअरचें सॉकेट आणि मीटरजवळच्या बोर्डापासून स्वतंत्र तार वायरमनकडून ओढून घ्यावी. कार्डावर लाखभर रुपये घालणाऱ्या घरानें या तारेच्या दोनचार हजारांसाठीं घासाघीस करावी, याचें नवल वाटतें.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात, ही तक्रार इकडे घरोघरीं आहे, आणि लोक चप्पल घालून ती भागवितात. त्याचा अर्थ बहुधा एवढाच कीं, अर्थिंग नाहीं, किंवा आहे पण मेलेलें आहे. मराठवाड्याची जमीन खालीं काळा पाषाण आणि वर काळी माती अशी. उन्हाळ्यांत ही माती भेगाळते, खड्डा कोरडा पडतो, आणि जी वीज जमिनींत जावयाची ती पेटीवर वाट पाहत राहते. खड्ड्यांत आठवड्याला बादलीभर पाणी ओतावें हा उपाय साधा आहे. पण ज्या लातुरास २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें ती बादलीही जड वाटली असेल. धुण्याचें पाणी चालतें. याहून मोठें संकट न्यूट्रल तुटण्याचें. डी.पी.वरील न्यूट्रल सुटला कीं २३० च्या जागीं घरांत ३०० व्होल्टच्याही वर दाब येऊं शकतो, आणि २४० पर्यंतचा सप्लाय क्षणांत जातो. सोबत कार्डेंही जाण्याचा संभव असतो. दाब वाढतांच वीज तोडणारें उपकरण मुख्य बोर्डावर बसविलें म्हणजे फ्रिज-टीव्हीसुद्धां वांचतात.

घरच्या इन्व्हर्टरवर हें यंत्र चालेल अशी आशा धरूं नये. ६०० व्हीएचा सामान्य यूपीएस सुमारें ३६० वॅट देतो. वीज गेली कीं तो किंचाळून बंद पडेल.

उष्णतेचें गणित तर अगदीं सोपें आहे, आणि तेंच सर्वांत जास्त विसरलें जातें. संगणकानें ओढलेला जवळजवळ प्रत्येक वॅट शेवटीं खोलींतील उष्णता होतो. १००० वॅटचें यंत्र म्हणजे १००० वॅटचा हीटर. कार्ड आपल्या भोंवतालच्या हवेपेक्षां ५० अंशांनीं तापत असेल, तर २५ अंशांच्या खोलींत तें ७५ वर राहतें. ४० अंशांच्या खोलींत ९० वर जातें, आणि तेथें चिप स्वतःच आपला वेग कमी करते. म्हणजे बालाघाटच्या पठारावरील लातुरांत असो कीं गोदाकांठच्या अधिकच तापणाऱ्या नांदेडांत असो, मे महिन्यांत ओव्हरक्लॉक केलेलें कार्ड न केलेल्यापेक्षां हळू चालण्याचाच संभव अधिक. दोन कार्डें एकावर एक असतील, तर वरचें खालच्याचा उकाडा पितें. मध्यें निदान एक खांच मोकळी सोडावी. कूलरचा झोत सरळ पेटीवर धरूं नये, कारण त्याच्या ओलाव्याबरोबर धूळ आंत चिकटून बसते. खिडकी उघडी ठेवून खोलींतील हवा बाहेर जाऊं द्यावी.

या सर्वांवरचा उतारा फुकटचा आहे. ज्या साधनानें दाब चढवितां येतो, त्याच साधनानें तो उतरवितांही येतो. वेग तोच ठेवून दाब १० टक्के उतरविला, तर ठोक्यांपायीं होणारा खर्च सुमारें १९ टक्क्यांनीं घटतो. ‘एम.एस.आय. आफ्टरबर्नर’ सारख्या कार्यक्रमांत पॉवर लिमिट १०० वरून ८० वर आणलें, तरी गति सामान्यतः थोडीच उतरते, आणि दोन कार्डांत मिळून १४० वॅट वांचतात. प्रत्येक चिपचा स्वभाव वेगळा, म्हणून पायरी पायरीनें खालीं यावें. दर पायरीवर तासभर काम करून पाहावें. रोज पांच तास चालणारें १००० वॅटचें यंत्र महिन्यास १५० युनिटें खातें. २०० युनिटांचें घर त्यामुळें ३०० च्या पायरीपलीकडे जातें, आणि वरचीं युनिटें चढ्या दरानें भरावीं लागतात. हिंवाळ्यांत, डिसेंबर-जानेवारीच्या पहांटे, ज्याला हौस असेल त्यानें वेग चढवून पाहावा. तेव्हां या हवेंत तो प्रयोग शोभतो.

मे अखेर वळीव येतो आणि विजा कडाडतात. तेव्हां बटन बंद करून भागत नाहीं. सॉकेटमधून पिन उपटावी, आणि इंटरनेटची तांब्याची तार असेल तर तीही काढून ठेवावी.