पाण्याचा क्रम : फ्रान्सच्या खेड्यांतील जुनी धुणीघरं

(मंडळाच्या उत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या कार्यवाहांनी मला "फ्रान्सच्या सहलीवर बोला" असं सांगितलं. आयफेल टॉवर आपण सर्वांनी चित्रात का होईना पाहिलेला आहे, त्यामुळे त्यावर मी बोलणार नाही. माझे मेहुणे नोकरीनिमित्त दिजाँ या शहरात असतात. 2023 च्या मे महिन्यात मी आणि सौ. त्यांच्याकडे तीन आठवडे राहिलो. त्या मुक्कामात आम्ही बर्गंडी भागातली खेडी फिरलो आणि तिथली कपडे धुण्याची जुनी घरं पाहिली. फ्रेंचमध्ये त्यांना 'लाव्हवार' म्हणतात. आजचं बोलणं त्यांच्याविषयीच आहे. विषय धुण्याचा आहे म्हणून हसू नका. यात इंजिनिअरिंगही आहे आणि माणसंही आहेत.

प्रथम रचना समजून घेऊ. गावाच्या वर किंवा मधोमध एक झरा असतो. झऱ्याचं पाणी दगडी पाटातून किंवा नळातून आधी कारंज्याच्या तोंडाशी येतं. तिथे लोक पिण्याचं पाणी भरत. तिथलं ओसंडलेलं पाणी पुढे लांबट दगडी हौदात जाई. तिथे गुरं आणि घोडे पाणी पीत. त्याच्या पुढे धुणीघर, आणि त्याचेही बहुधा दोन भाग. पाणी आधी खळबळण्याच्या हौदात येई आणि मग साबणाच्या हौदात, म्हणजे एकीच्या साबणाचं पाणी दुसरीच्या स्वच्छ कपड्यांना लागत नसे. शेवटी ते पाणी ओढ्याला मिळे. माणूस, जनावर, खळबळणं आणि शेवटी साबण, असा हा क्रम. पंप नाही, वीज नाही, सगळं काम उतारावर. पाण्याच्या वाटेचा विचार केल्याशिवाय आम्हा रेल्वेवाल्यांना एक किलोमीटर रूळही टाकता येत नाही, त्यामुळे ही रचना पाहून मला फार बरं वाटलं.

हौदाच्या कडेचे दगड आत उतरते बसवलेले असतात. बायका त्यांवर कपडा पसरून साबण लावत आणि लाकडी धोपटण्याने बडवत. वर कौलारू छप्पर असतं. काही ठिकाणी ते चारही बाजूंनी आत उतरतं आणि मध्ये आकाश मोकळं असतं, अगदी आपल्या वाड्याच्या चौकासारखं. पावसाचं पाणीही हौदात पडे. नदीकाठच्या काही धुणीघरांत तर लाकडी फळी साखळ्यांनी वरखाली करता येत असे, कारण नदीची पातळी बदलली तरी धुणारीचा हात पाण्याला पोचायला हवा.

सर्वांत देखणं धुणीघर पाहिलं ते तोनेर या गावी. पॅरिस–दिजाँच्या जुन्या लोहमार्गावरचं हे स्टेशन. गावात 'फॉस दिऑन' नावाचा झरा आहे. निळसर-हिरवं पाणी थेट खडकातून वर येतं. ते कुठून येतं हे शोधायला पाणबुडे आत उतरले आणि त्यांतल्या काहींना प्राण गमवावे लागले. या झऱ्याभोवती 1758 साली गोल हौद बांधून धुणीघर केलं. हौदाच्या अर्ध्या वर्तुळाला लाकडी खांबांवरचं कौलारू छप्पर आहे. 'दिऑन' हे नाव 'दिवोना' या प्राचीन शब्दावरून आलेलं आहे. त्याचा अर्थ दैवी पाणी. आपले 'देव' आणि 'दिव्य' हे शब्द त्याच कुळातले. हे मेहुण्यांनी सांगितल्यावर सौ. ने नकळत पाण्याला हात लावून कपाळाशी नेला.

1758 हे साल ऐकून मला आपलं पुणं आठवलं. त्याच सुमारास, म्हणजे 1750 च्या आसपास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळाने पुण्याला पाणी आणलं गेलं आणि पेठांतल्या हौदांत खेळवलं गेलं. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं पुणेकरांच्या तोंडी आजही आहेत.

मात्र खेड्याखेड्यांत धुणीघरं बांधली गेली ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. त्यामागे साथींची भीती होती. 1832 आणि 1849 साली फ्रान्समध्ये कॉलऱ्याने कहर केला. इंग्लंडने 1846 सालीच सार्वजनिक स्नानगृहं आणि धुणीघरं यांचा कायदा केला होता. फ्रान्सच्या संसदेने 3 फेब्रुवारी 1851 रोजी तसाच ठराव करून त्यासाठी सहा लाख फ्रँक मंजूर केले. खर्चाचा एक तृतीयांश भाग सरकार देणार, बाकीचा गावाने उभा करायचा. आपल्या वर्गणीसारखंच म्हणा!

आता एका इंजिनिअरविषयी. डिप्लोमाला आम्ही सॉईल मेकॅनिक्समध्ये डार्सीचा नियम घोकला होता. मातीतून पाणी किती वेगाने झिरपतं ते सांगणारा हा नियम. रुळांखालच्या भरावात मुरलेल्या पाण्याचा विचार करताना तो आजही उपयोगी पडतो. हे हेन्री डार्सी 1803 साली दिजाँमध्येच जन्मले, हे मला तिथे गेल्यावर कळलं. त्या शहराची भिस्त वाईट पाण्याच्या विहिरींवर होती. डार्सींनी रोझवारच्या झऱ्यापासून सुमारे 12.7 किलोमीटर लांबीचा झाकलेला कालवा काढला आणि 1840 साली निव्वळ उताराच्या बळावर पाणी शहरात आणलं. पुढे रस्त्यांवर साधारण शंभर-शंभर मीटरवर सार्वजनिक नळ बसवले. या कामाचं मानधन त्यांनी घेतलं नाही. पॅरिसहून येणारा लोहमार्ग दिजाँवरून जावा म्हणूनही ते झटले. त्या मार्गावरचा ब्लेझीचा बोगदा चार किलोमीटरहून लांब आहे आणि आमची गाडी त्यातूनच गेली. नळयोजनेवरचा त्यांचा ग्रंथ 1856 साली निघाला. आमच्या पुस्तकातला तो नियम त्या ग्रंथाच्या परिशिष्टात आहे. शहराच्या पाण्याची काळजी वाहताना सापडलेलं हे शास्त्र आहे.

आता या कथेची दुसरी बाजू. फोटोत ही घरं फार रम्य दिसतात. पण जुन्या काळी मोठं धुणं वर्षातून दोन-तीनदाच निघे. चादरींचे ढीग साठत. आधी भिजवण, मग मोठ्या पिंपात कपडे रचून त्यांवर चुलीतली चाळलेली राख आणि पुन्हापुन्हा उकळतं पाणी, आणि शेवटी धुणीघरात खळबळणं. आपल्याकडच्या धोब्याची भट्टी ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे लगेच कळेल. पांढऱ्या कपड्यांना नीळही असे. या तीन पायऱ्यांना तिकडे गमतीने शुद्धिलोक, नरक आणि स्वर्ग म्हणत. पण त्या स्वर्गातलं पाणी जानेवारीत बर्फासारखं असे. बायका पुढून उघड्या लाकडी खोक्यात गवत घालून त्यात गुडघे टेकत.

एका खेड्यात मी छपराचे फोटो काढत होतो. बाकावर एक आजी बसल्या होत्या, वय पंचाऐंशीच्या पुढे. मेहुणे दुभाष्याचं काम करत होते. आजी म्हणाल्या, "छप्पर छान आहे खरं. पण ते आमच्या पाठीवर होतं, आमचे हात पाण्यात होते." आणि त्यांनी वाकडी झालेली बोटं पुढे केली. सौ. ने त्यांचा हात हातात घेतला. मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पुरुषांना कॅफे होता, आम्हाला हे होतं. कुणाच्या घरात काय चाललंय ते आम्हाला चादरीवरून कळायचं." घरचं मळकं धुणं घरातच धुवावं, अशी फ्रेंचमध्ये म्हणच आहे. आपल्याकडेही घरची धुणी चव्हाट्यावर धुवू नयेत असं म्हणतात. दोन्ही भाषांना हे शहाणपण पाणवठ्यावरच सुचलं असावं.

दुसऱ्या महायुद्धानंतर खेड्यांत घरोघरी नळ आले, मग धुलाईयंत्रं आली आणि हौद ओस पडले. आजींना विचारलं, "वाईट वाटलं का?" त्या म्हणाल्या, "मुळीच नाही. यंत्र आलं त्या दिवशी मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले आणि ते फिरताना बघत राहिले." हे उत्तर मला महत्त्वाचं वाटतं. जुन्या गोष्टींचं कौतुक करताना त्यांत कोणाचे गुडघे झिजले हे विसरून चालणार नाही.

मग या वास्तू जपायच्या कशाला? फ्रान्समध्ये 34 हजारांवर गावपालिका आहेत. कितीतरी गावांची वस्ती दोन-तीनशेच, आणि धुणीघराचं कौल फुटलं तर खर्च त्यांनाच. तरी अनेक गावं तो करतात. अशा छोट्या वारशाला मदत मिळावी म्हणून 1996 च्या कायद्याने 'फोंदास्यों दु पात्रिमुआन' ही संस्था स्थापन झाली. गावकरी रविवारी जमून हौदातला गाळ काढतात, असं आजींनी सांगितलं. मी विचारलं, "आता इथे कोणी धूत नाही, मग कशासाठी?" त्यांचं उत्तर होतं, "पाणी अजून येतं ना!"

मंडळी, दगड दुरुस्त करता येतात. पण त्या हौदावर स्वतः धुणं धुतलेल्या बायका आज ऐंशी-नव्वदीच्या आहेत. दहा-पंधरा वर्षांनी हे सांगणारं कोणी उरणार नाही. आपलीही स्थिती वेगळी नाही. आपण नोकरीसाठी मुलूख सोडला. आपल्या आया आणि आज्या कोणत्या नदीवर, कोणत्या विहिरीवर धुणं नेत, पिण्याचं पाणी कुठे भरत आणि गुरं कुठे उतरत, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? गावोगावी पाण्याचा असा क्रम ठरलेला असे आणि तो बहुधा बायकांनाच ठाऊक असे.

म्हणून एक विनंती करतो. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईजवळ तासभर बसा आणि एवढंच विचारा, "तुम्ही धुणं कुठे धूत होता?" त्या जे सांगतील ते वहीत लिहून आणा. पुढच्या स्मरणिकेची चार पानं आपण त्यासाठी राखून ठेवू. कार्यवाहांनी मान डोलावली आहे, तेव्हा ते आता नाही म्हणू शकत नाहीत.

 गणपती बाप्पा मोरया!