तंबाखूची पारख

सिगार ओढायचा नसतो, चाखायचा असतो, असे त्याचे शौकीन सांगतात. आमच्या भाईंदरला स्टेशनबाहेरच्या टपरीवर बिडीचे बंडल सहज मिळते, सिगार मात्र बहुधा परदेशातून येणाऱ्या भाच्या-पुतण्यांच्या बॅगेतून येतो. माझ्या भाच्याने आणलेला चांगलाच जाडजूड होता. 'मामा, तुम्ही निपाणीचे, तुम्हीच सांगा कसा आहे,' म्हणाला.

सांगण्यासारखे होते. वरच्या पानाला तेलकट झाक हवी, शिरा जाड नसाव्यात. बोटांनी हलके दाबत गेले की कुठे पोकळ आणि कुठे ठासून भरले आहे ते कळते. टोक कापून, न पेटवता एक झुरका घ्यायचा. तेव्हाच पुढच्या चवीचा अंदाज येतो. पेटवल्यावर धूर तोंडात खेळवायचा, छातीत न्यायचा नाही. मग जाणकारांना त्यात मिरी, कोको, कातडे, ओली माती असे काय काय सापडते. (कातड्याची चव त्यांनी आधी कुठे घेतलेली असते, कोण जाणे!)

भारी सिगारचा कडकपणा येतो तो मुख्यतः झाडाच्या शेंड्याकडच्या पानांतून. त्यांना ऊन जास्त मिळते, ती जाड होतात, निकोटीन वाढते. निपाणीच्या शेतकऱ्यालाही हे ठाऊक असते. म्हणून तर तो झाडाचा शेंडा खुडतो, बगलफुटी काढतो. झाडाचा सगळा जोर पानात उतरावा म्हणून. ते पान उन्हात वाळवून, कुटून, चाळून बिडीचा जर्दा होतो. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते, बिडीत चिमूटभर. पण दोन्हीकडे मागणी कडक मालालाच.

लहानपणी मी वखारीत व्यापाऱ्यांना पारख करताना पाहायचो. चिमूट तळहातावर चोळायची, रंग पाहायचा, नाकाशी न्यायची, की भाव ठरला! काडी जास्त आहे, माल फिका आहे, असे एक वाक्य आणि शेतकऱ्याचे वर्ष त्यात गेले. वास घेणारे नाक आणि पैसे देणारा हात एकाच माणसाचे असले की पारख कितपत निर्मळ राहणार? १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक भावासाठी पुणे-बंगळूर महामार्गावर बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले.

सिगारच्या शौकिनाला मी एवढेच सांगेन, की धूर गिळला नाही म्हणून सुटका नाही. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटीन तोंडातूनच रक्तात जाते, आणि तोंडाच्या कर्करोगाची भीती तर आहेच. हा धोका निदान तो हौसेने पत्करतो.

वखारीत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बायकांनी तो हौसेने पत्करला नव्हता. अनिल अवचटांनी त्यांच्याविषयी लिहिले आहे. नाकातोंडावर पदर बांधून त्या दिवसभर त्या धुळीत बसायच्या. नवीन बाईला पहिले काही दिवस भोवळ यायची, ओकारी व्हायची. जुन्या हसून म्हणायच्या, होईल सवय. आमच्या शेजारच्या मावशी संध्याकाळी घरी आल्या की आधी राखेने हात घासायच्या, दोनदा, तीनदा. तरी त्यांची मुले म्हणायची, आई, भाकरी कडू लागते.